घरी एक मत, बैठकीत दुसरे

पत्राचा सारांश: त्रेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्या हिशेबाचे काम करतात आणि गेली सहा वर्षे आठ जणांच्या एका वाचनगटात जातात. महिन्यातून एकदा सगळे जमतात आणि अलीकडे काय वाचले, कसे वाटले, हे प्रत्येक जण सांगतो. गेल्या चार महिन्यांत त्यांनी पाच पुस्तके हाती घेतली. मोठा पुरस्कार मिळालेली सहाशे पानांची कादंबरी त्यांनी २४० व्या पानावर सोडून दिली. पण बैठकीत सगळे भारावून बोलत होते, तेव्हा "भाषा फार सुंदर आहे" एवढे म्हणून त्या मोकळ्या झाल्या. एक लोकप्रिय कौटुंबिक कादंबरी त्यांनी दोन रात्रींत संपवली आणि शेवटी त्यांना रडू आवरले नाही. मात्र गटातल्या ज्येष्ठ सदस्यांनी तिला "भाबडी" म्हटल्यावर त्यांनीही मान डोलावली. एक आत्मचरित्र अथपासून इतिपर्यंत वाचले, पण महिन्याभरात एक दृश्य सोडून सगळे पुसले गेले. एका कवितासंग्रहातल्या निम्म्या कविता कळल्या नाहीत. पाचवे पुस्तक मैत्रिणीचा पहिला कथासंग्रह आहे, त्यातल्या अकरांपैकी तीन कथा आवडल्या आणि मैत्रीण भेटली की विचारते, "वाचलंस का गं? कसं वाटलं?" मागे एकदा धीर करून त्यांनी बैठकीत वेगळे मत मांडले होते, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "तुम्हाला ते पुस्तक कळलंच नाही." तेव्हापासून त्या इतरांची री ओढतात आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडतात. त्या विचारतात: माझे मत नेमके कोणते समजायचे, घरचे की बैठकीतले? साहित्याचे शिक्षण नसताना मत देण्याचा मला अधिकार आहे का? गट सोडून द्यावा का? आणि मैत्रिणीला काय सांगू?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी त्यातल्या ओळी मोजल्या. पुरस्कार मिळालेल्या कादंबरीला तुम्ही चार ओळी दिल्या आहेत, लोकप्रिय कादंबरीला सहा, कवितासंग्रहाला जेमतेम दीड. आत्मचरित्रातले काहीच आठवत नाही अशी तक्रार करून जे एकमेव दृश्य लक्षात राहिले म्हणता, त्यावर मात्र चौदा ओळी आहेत. मुलगा भांडून घर सोडून गेला आहे. त्याची मोडकी छत्री कोपऱ्यात पडून आहे. एका संध्याकाळी वडील ती उघडून बसतात, निसटलेली काडी दोऱ्याने बांधतात, फाटलेल्या कापडाला टाके घालतात आणि एक शब्दही न बोलता ती दाराशी ठेवतात. पुढे तुम्ही लिहिता, "वडिलांच्या मनात काय चालले होते ते लेखकाने सांगितलेले नाही, आणि बरेच झाले." एवढे लिहून पुढच्याच परिच्छेदात तुम्ही मला विचारता की मला स्वतःचे मत आहे का.

ते "बरेच झाले" हेच तर मत आहे. लेखकाने काय केले ते तुम्हाला दिसले, त्याला दुसरे काय करता आले असते हेही तुमच्या मनात येऊन गेले, आणि त्या दोहोंमधले कोणते चांगले याचा निर्णय तुम्ही दिलात. पुस्तकाविषयी जाणत्या माणसाने बोलायचे असते ते याहून निराळे काही नसते. तुम्हाला हे मत वाटले नाही, कारण ते देताना तुमच्यासमोर कोणी बसलेले नव्हते आणि आपण मत देत आहोत हेही तुमच्या ध्यानात नव्हते. माझ्या उत्तराचा बराचसा भाग या छत्रीभोवतीच फिरणार आहे.

आधी अधिकाराचा प्रश्न घेते, कारण तो बाजूला केल्याशिवाय पुढचे काही नीट बोलता येणार नाही. साहित्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाजवळ योग्य मत तयार असते आणि आपल्याला ते शोधून त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते, असे तुम्ही गृहीत धरले आहे. केंब्रिज विद्यापीठात शिकवणारे आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात याच समजुतीला हात घातला. ते विद्यार्थ्यांना कविता वाचायला देत, पण कवीचे नाव, काळ, संदर्भ यांतले काहीही सांगत नसत. आठवडाभर हव्या तितक्या वेळा वाचा आणि काय वाटले ते लिहून द्या, एवढीच सूचना असे. अशा तेरा कवितांवर आलेले अभिप्राय त्यांनी १९२९ साली विश्लेषणासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांत साहित्याचे विद्यार्थी पुष्कळ होते. तरीही नामवंत कवींच्या कविता कित्येकांनी मोडीत काढल्या आणि फारशा कोणाच्या लक्षात न राहिलेल्या कवींच्या रचना डोक्यावर घेतल्या. नावाचा आधार काढून घेतला की शिकलेल्या माणसाचे मतही असे हेलकावे खाते.

यावरून कोणाच्याही मताला काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढू नका. रिचर्ड्स यांनीही तो काढला नव्हता. वाचणारा नेमका कुठे अडखळतो, हे त्यांनी त्या अभिप्रायांमधून वेचून काढले. कोणाला ओळीचा सरळ अर्थच लागलेला नसतो. कोणाच्या मनात एखादा शब्द वाचताच स्वतःची जुनी आठवण जागी होते आणि पुढची कविता तो त्या आठवणीतूनच वाचतो. कोणाचा प्रतिसाद आधीपासून ठरलेला असतो. भावविवशता हा जसा त्यांनी एक अडथळा मानला, तसाच भावनेला घाबरून आखडून बसणे हाही मानला. ही शेवटची जोडी लक्षात ठेवा, तुमच्या रडण्यापाशी पोहोचल्यावर ती उपयोगी पडणार आहे. हे अडथळे पदवीमुळे आपोआप दूर होत नाहीत, आणि पदवी नसलेल्या माणसालाही ते लक्षपूर्वक वाचून दूर करता येतात. "तुम्हाला ते पुस्तक कळलंच नाही" असे म्हणणाऱ्यांनी यांतला कोणता अडथळा तुमच्या वाटेत आला हे सांगितले असते, तर त्यांचे बोलणे तुमच्या कामी आले असते. ते न सांगता त्यांनी तुम्हाला फक्त गप्प केले, आणि ते मला अजिबात पटलेले नाही.

आता घरचे मत आणि बैठकीतले मत. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन रेघा. पहिलीइतकी लांब कोणती, एवढेच सांगायचे. एकट्याला विचारले तर चूक जवळपास होतच नसे. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, की खरा सहभागी साधारण तीनांपैकी एका वेळी त्यांच्या मागे जात असे. डोळ्यांसमोरच्या रेघेबाबत जर माणसाचे असे होते, तर सहाशे पानांची कादंबरी कशी वाटली याबाबतचा तुमचा निश्चय सात जणांसमोर डळमळला म्हणून स्वतःला दुबळे समजण्याचे कारण नाही. त्याच प्रयोगमालिकेतली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. खोलीत खरे उत्तर देणारा आणखी एक जरी माणूस असला, तरी हे मागे जाणे झपाट्याने कमी होत असे. तुमच्या गटात ती कादंबरी अर्धवट सोडणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल, असे मला वाटत नाही. आणखी कोणीतरी १८० व्या पानावर थांबून त्या दिवशी बैठकीत बसलेले असेल, आणि तुमच्या तोंडून "भाषा फार सुंदर आहे" हे ऐकून त्याने आपले बोलणे गिळले असेल.

इथे एक फरक करायला हवा, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. इतरांचे ऐकून मत बदलणे ही मुळीच वाईट गोष्ट नाही; तसे नसते तर आठ जणांनी एकत्र बसायचे तरी कशाला? कोणी तुम्हाला न दिसलेली एखादी जागा दाखवली आणि ती पाहून तुमचे मत बदलले, तर ते बदललेले मतही तुमचेच आहे. पण कोणी काहीही दाखवले नाही, फक्त आवाज चढवला, मान तिरकी केली किंवा एखादे विशेषण फेकले, आणि तुमचे मत बदलले, तर तिथे मत बदललेले नसून तुम्हाला भीड पडलेली असते. बैठकीहून घरी आल्यावर स्वतःला एवढेच विचारा: आज माझे मत बदलले ते पुस्तकातल्या कोणत्या जागेमुळे? जागा सांगता आली तर नवे मत खुशाल ठेवा. सांगता येत नसेल, तर जुन्या मताकडे परत जायला तुम्ही मोकळ्या आहात.

मात्र परत जाण्यासाठी जुने मत कुठेतरी शिल्लक राहिलेले असले पाहिजे, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे. तुम्ही मत मनात ठेवता. मनात ठेवलेले मत बैठकीतल्या पहिल्या दहा मिनिटांत इतरांच्या बोलण्यात इतके मिसळून जाते, की मुळात ते काय होते हे तुम्हालाही सांगता येत नाही. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँटेन याची स्मरणशक्ती फार कच्ची होती, निदान त्याचे स्वतःचे म्हणणे तसे होते. काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचून टिपणांनी भरून टाकलेली पुस्तके तो पुन्हा नवी समजून हातात घेई. म्हणून त्याने एक सवय लावून घेतली. पुस्तक संपले की शेवटी ते कधी वाचून झाले तो काळ आणि एकंदर आपले काय मत झाले ते तो लिहून ठेवू लागला. आपल्या निबंधांत त्याने असे काही अभिप्राय उतरवूनही दिले आहेत. निबंध लिहिणाऱ्या, ग्रंथांनी भरलेल्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या माणसाची जर ही स्थिती असेल, तर महिन्याभरात आत्मचरित्र विसरलात म्हणून आपण वाचक म्हणून अपुऱ्या आहोत असे तुम्ही मानू नये.

टिपण कसे करावे याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण अशी पत्रे मला आणखीही येतात आणि सगळ्यांची अडचण इथेच कुठेतरी असते. पुस्तक संपले की ते मिटवून बाजूला ठेवा आणि पुन्हा न उघडता, आठवेल तसे, दहा-बारा ओळी लिहा. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना आणि इतरांची परीक्षणे यांतले काहीही त्याआधी वाचू नका. न पाहता आठवून लिहिण्यात आणखी एक लाभ आहे. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. तेव्हा हे टिपण मत जपण्यासाठी जितके, तितकेच पुस्तक लक्षात राहण्यासाठीही आहे. त्या ओळींत "छान", "संथ", "भावले", "रटाळ" असे शब्द आले तर येऊ द्या, पण प्रत्येक शब्दाशेजारी एक पान क्रमांक लिहा. कोणते पान संथ वाटले? भावले ते कुठल्या प्रसंगी? पान सापडत नसेल तर तो शब्द बहुधा दुसऱ्या कोणाकडून तुमच्याकडे आलेला आहे.

माझ्याजवळ अशी एक वही आहे. तिच्यात बारा वर्षांपूर्वी एका कादंबरीविषयी मी निळ्या शाईने लिहिले आहे: "संथ. पात्रे एकमेकांशी बोलतच नाहीत. पान ६१, ६२, ६३." चार वर्षांपूर्वी घरातल्या एका दीर्घ आजारपणात रात्री जागत बसले असताना तीच कादंबरी पुन्हा हाती आली आणि त्याच तीन पानांवर मी बराच वेळ थांबले. जुन्या नोंदीखाली आता काळ्या शाईत आहे: "ती बोलत नाहीत, हीच गोष्ट लेखिका सांगत होती." निळी ओळ मी खोडलेली नाही. दोन्ही माझीच मते आहेत, आणि पान क्रमांक लिहिलेला होता म्हणूनच पहिल्यातून दुसरे कसे निघाले ते मला कळू शकले.

आता तुमच्या पुस्तकांकडे वळते. पुरस्कार मिळालेली कादंबरी सोडून दिलीत यात अपराध काही नाही. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांतला तिसरा हक्क पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे. आणि पुरस्कारप्राप्त पुस्तक अनेकांना निराश करते, हा केवळ तुमचा अनुभव नव्हे. बालाज कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६४ इंग्रजी पुस्तकांवरचे सामान्य वाचकांचे ३८ हजारांहून अधिक अभिप्राय तपासले. काही पुस्तके पुरस्कार मिळालेली होती, काही त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत येऊन मागे राहिलेली. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांना मिळणारे वाचकांचे गुण मागे राहिलेल्यांच्या तुलनेत घसरले. याचे एक कारण सरळ आहे: पुरस्कारामुळे त्या पुस्तकाकडे असे पुष्कळ वाचक ओढले जातात, ज्यांनी एरवी आपल्या आवडीनुसार ते उचललेच नसते. तुम्ही ते पुस्तक का उचलले होते? तुमच्या पत्रात त्याचे उत्तर आहे: "सगळे वाचत होते म्हणून."

तरीही या कादंबरीबाबत मी तुम्हाला पूर्ण सोडवणार नाही. "मला आवडले नाही", "ते चांगले नाही" आणि "मला आत्ता ते नको होते" ही तीन वेगळी वाक्ये आहेत. तुमच्या चार ओळी वाचून मला तिसरे वाक्य खरे वाटते, पण तुम्ही मनात दुसरे धरून बसला आहात. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी पुस्तक परीक्षणाचे काही नियम १९७५ साली सांगितले होते. लेखकाला काय करायचे होते ते आधी समजून घ्यावे आणि जे त्याने करायला घेतलेच नाही त्यात तो अपयशी ठरला असा दोष त्याला देऊ नये, हा त्यांतला पहिला नियम. तुमची तक्रार आहे की अडीचशे पाने होत आली तरी काही घडत नाही. लेखकाला काही घडवायचे होते का, की न घडण्याचा काळच शब्दांत पकडायचा होता? माझ्यापुढे ती कादंबरी नाही, त्यामुळे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. आणि "भाषा फार सुंदर आहे" हे तुम्ही भिडेपोटी म्हणालात, तरी ते खोटेच होते असे कशावरून? एखादे सुंदर पान आठवते का पाहा. आठवले तर पुढच्या वेळी असे म्हणता येईल: "मी २४० व्या पानावर थांबले. ११० व्या पानावरचे वर्णन मला फार आवडले, पण तशीच पाने ओळीने येत गेल्यावर माझी ओढ संपली. शेवट वाचलेला नाही, म्हणून शेवटाविषयी मी बोलणार नाही." यात न पटण्यासारखे कोणाला काही सापडणार नाही, आणि पुढचे वाचलेला माणूस तुम्हाला पुढे काय आहे ते नक्की सांगेल.

रडवणाऱ्या कादंबरीविषयी मला अधिक आस्थेने बोलायचे आहे, कारण तिच्या बाबतीत तुम्ही स्वतःवर अन्याय केला आहे. अश्रू आले म्हणजे पुस्तक थोर ठरते असे नाही. पण अश्रू आले म्हणजे वाचक भाबडा ठरतो, हे तर त्याहून चुकीचे आहे. शेवटच्या प्रकरणात आजी नातीच्या केसांची वेणी घालते तिथे बांध फुटला, असे तुम्ही लिहिले आहे, आणि लगेच पुढे: "माझी आजीही अशीच घालायची." रिचर्ड्स यांनी सांगितलेला आठवणीचा अडथळा तो हाच. तो अडथळा आहे म्हणजे तुमचे रडणे खोटे आहे असे नव्हे. फक्त त्यातले किती पुस्तकाने केले आणि किती तुमच्या आजीने, हे वेगळे करून पाहायला हवे. ते पान पुन्हा उघडा. ज्या माणसाला आजीच मिळाली नाही, त्यालाही हे पान हलवील का? त्या दोन बोटांच्या हालचाली, केस ओढला गेल्यावर नातीचे डोके किंचित मागे जाणे, असे काही लेखिकेने खरोखर लिहिले आहे, की "आजीची माया" एवढे दोन शब्द लिहून बाकी सगळे तुमच्यावर सोपवले आहे? पहिले असेल तर तुमच्या ज्येष्ठ सदस्यांसमोर ते पान ठेवा आणि आदराने विचारा, "यातलं भाबडं काय वाटलं ते मला समजून घ्यायचं आहे." दुसरे असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तरीही तुमचे रडणे तुमच्या आजीसाठी होते, त्याची लाज कोणापुढेही बाळगायची नसते. उलट शक्यताही मनात असू द्या: ते गृहस्थ भावनेपुढे आखडून बसणाऱ्यांपैकी असतील. वयाने आणि वाचनाने मोठ्या माणसांचेही असे होते.

कवितासंग्रहाचे फार मनावर घेऊ नका. निम्म्या कविता कळल्या हे पुष्कळ आहे. कवितासंग्रह कादंबरीसारखा एका बैठकीत पुढे पुढे वाचत गेलात तर चौथ्या कवितेपासून डोळे फक्त ओळींवरून फिरतात. न कळलेल्यांतली एकच निवडा, मोठ्याने वाचा, आणि ती कोण कोणाला म्हणत आहे एवढेच साध्या गद्यात लिहून काढा. तरीही लागली नाही तर सोडून द्या.

मैत्रिणीचे पुस्तक हा मात्र नाजूक विषय आहे, कारण तिथे मत एका माणसापर्यंत थेट पोहोचते. पुस्तक छापून झाले आहे ही गोष्ट आधी ध्यानात घ्या. हस्तलिखित दाखवले असते तर दोष दाखवणे हे तुमचे कर्तव्य होते, कारण ते सुधारता आले असते. छापलेल्या पुस्तकातल्या आठ कथांचे दोष आज मोजून दाखवल्याने त्या कथा बदलणार नाहीत. म्हणून "सगळं छान आहे" असे तोंडदेखले बोलू नका, आणि "आठ कथा जमल्या नाहीत" असेही सांगत बसू नका. ज्या तीन कथा आवडल्या त्या कोणत्या आणि कुठे आवडल्या, हे तिला एका पानभर लिहून द्या. नवख्या लेखिकेला "छान" हा शब्द शंभर जणांकडून मिळतो. कथेतल्या एका पात्राने दार लोटून घेतले पण कडी लावली नाही, हे लक्षात आले असे सांगणारा वाचक फार क्वचित मिळतो. तिला तुमची शांतता टोचते आहे, आणि लांबवलेले उत्तर ती वाईटच समजणार, तेव्हा हे याच आठवड्यात करा. तिने होऊन बाकीच्या कथांविषयी विचारले, तर आपले लक्ष कुठे सुटले तेवढे सांगा: "या कथेत चौथ्या पानानंतर मी मागे पडले." तिने काय करायला हवे होते, ते सांगू नका. तो तिचा प्रांत आहे, आणि पुढची कथा लिहिताना त्या चौथ्या पानाचे काय करायचे ते तिचे तिलाच समजेल.

गट सोडू नका. सहा वर्षे दर महिन्याला आठ माणसे पुस्तकांसाठी एकत्र येतात, ही सहजासहजी मिळणारी गोष्ट नाही. त्याऐवजी बैठकीच्या रीतीत एक बदल सुचवून पाहा. प्रत्येकाने आपल्या पाच ओळी घरूनच लिहून आणायच्या आणि चर्चा सुरू होण्याआधी त्या जशाच्या तशा वाचून दाखवायच्या. वाचण्याचा क्रम नवख्यांपासून सुरू करून ज्येष्ठांपाशी संपवायचा. लष्करी न्यायालयांत कनिष्ठ सदस्याने आधी आणि वरिष्ठाने शेवटी मत द्यायचे अशी जुनी पद्धत आहे. वरिष्ठाचे ऐकून कनिष्ठाने आपले मत वळवू नये, हाच तिचा हेतू. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण शेवटी बोलणाऱ्याला सात जणांचे ऐकून बोलायला मिळते. त्यांनी नकार दिला, तरी तुमच्या पाच ओळी तुम्ही लिहून न्याच आणि आपली पाळी आली की कागदावरूनच वाचा. आवाज कापला तरी चालेल, कागदावरचे शब्द बदलणार नाहीत. "कळलंच नाही" हे वाक्य पुन्हा आलेच, तर वाद घालू नका, "कोणतं पान पुन्हा वाचू?" एवढेच विचारा आणि मिळालेला क्रमांक लिहून घ्या. क्रमांक मिळाला तर घरी येऊन ते पान खरोखर वाचा, कारण त्यांचे म्हणणे बरोबर असण्याचीही शक्यता आहे.

पहिल्या खेपेला वाचण्यासाठी पुरस्कारप्राप्त कादंबरी निवडू नका. ते आत्मचरित्र निवडा आणि फक्त छत्रीविषयी लिहा. आणि त्याआधी ते पान पुन्हा उघडून एक गोष्ट पाहा, जी तुमच्या चौदा ओळींतून मला कळली नाही. वडिलांनी छत्री दाराशी ठेवली असे तुम्ही म्हणता. ती दाराच्या आत ठेवली की बाहेर? आत ठेवली असेल तर मुलगा परत येईल तेव्हा ती त्याला दिसावी म्हणून. बाहेर ठेवली असेल तर रात्री कधीतरी येऊन, कोणाला न भेटताही, त्याला ती नेता यावी म्हणून. दोन्हींत वडील निराळे दिसतात. तुम्हाला त्यांतले कोणते वडील आठवत आहेत आणि पुस्तकात कोणते आहेत, ते पाहून मला अवश्य कळवा.